गैबी मुलाण्याची त्रेसष्ट घरं

पेठ वडगावात बकरं हलाल करायचा मान मौला मुलाण्याच्या घराकडं. पण खरी करामत मौलाच्या पोराच्या, गैबीच्या हातात होती. हा गडी बकऱ्याचं मुंडकं असं उघडायचा, की आतला भेजा अख्खा बाहेर यायचा, एक कोपरा फाटायचा नाही. गावाला त्याचं कौतुक ते काय असणार. भेजा शेवटी तव्यावरच जायचा, फाटला काय नि न फाटला काय. पण बुळकांडीच्या साथीत गुरं बघायला कोल्हापुराहून जनावरांचे डॉक्टर गणपतराव आले, त्यांनी मुलाण्याच्या दारात उभं राहून हे बघितलं आणि मौलाला म्हणाले, “हे पोरगं मला द्या. याच्या हातात जे आहे ते मुंबईच्या कॉलेजात शिकवूनही येत नाही.”

महाराजांची अमदानी होती, पलेगाची पहिली मोठी लाट नुकतीच ओसरली होती. विशीतला गैबी कोल्हापुरात आला, दवाखान्याचा पटका बांधायला लागला, आणि मेलेली घोडी, बैल, कुत्री उघडून डॉक्टर मागतील तो भाग चिरून द्यायला लागला. गणपतरावांकडं एक जर्मन पितळी दुर्बीण होती, म्हणजे लांबचं बघायची नव्हे, बारीक बघायची. तिला ते हातही लावू देत नसत. एका दुपारी मात्र त्यांनी गैबीला हाक मारली, “ये, तू चिरतोस ते काय आहे ते तरी बघ.”

गैबीनं डोळा लावला. घोड्याच्या मेंदूचा तिळाएवढा तुकडा काचेवर दाबून, निळा रंग देऊन ठेवला होता. आत निळी त्रिकोणी पेशी दिसली, तिला टोकाटोकाला मुळं फुटल्यागत धागे, एक शेजारणीकडं पसरलेला, दुसरा कुठं गेला ते दिसतच नव्हतं. आणि अशा शेकड्यानं. आजपर्यंत ज्याला आपण लोण्याचा गोळा समजत होतो तो एवढा भरल्या गावासारखा आहे, हे बघून त्याला घाम फुटला. “साहेब, घोडं भितंय ते हितनंच काय?” त्यानं विचारलं. गणपतराव हसले आणि म्हणाले, “ते कुणालाच ठाऊक नाही, गैबी. तुला नाही, मला नाही, विलायतेतल्या बापजाद्यांनाही नाही.” त्या दिवसापासून त्या माणसाचं दुसऱ्या कशात मन लागेना. आजऱ्याच्या नजीराशी त्याचं लग्न झालं, तर पहिल्या रात्री यानं तिला मेंदूतल्या पेशींबद्दल सांगितलं म्हणे. पण बाई शहाणी, ऐकून घेतलं तिनं.

चारसहा वर्षांनी गणपतराव मुंबईहून एक नवीन गोष्ट शिकून आले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूत एक भाग असतो, मेंढ्याच्या शिंगागत वळलेला. तिथल्या पेशींत, पेशींच्या पोटातच, लाल रंग धरणारे गोल कण दिसतात. कण दिसले की कुत्रं पिसाळलेलं होतं, खूणगाठ बांधा. गैबीला मेंढ्याचं शिंग दाखवायची गरजच नव्हती. पहिल्याच डोक्यात त्यानं बोट ठेवलं आणि तो भाग नखाएवढा अलगद काढून दिला. वर्षभरात अशी वेळ आली, की डॉक्टरांनी दुर्बिणीची किल्लीच त्याच्या हवाली केली. काचा तोच करायचा, रंग तोच द्यायचा आणि बघायचाही तोच. डॉक्टर नुसती सही करत.

आता या कणांवर काय टांगलेलं होतं ते समजून घ्या. कुत्रं चावलं की लोक जखमेवर चुना भरत, डाग देत, गंडा बांधत. आणि माणसाला एकदा का पाण्याची भीती धरली की चार दिवसांत कारभार आटोपला, त्याला औषध तेव्हाही नव्हतं. औषध होतं ते रोग दिसायच्या आधी टोचून घेतलं तरच. ते मिळायचं कुन्नूरला, पार निलगिरीत. आगगाडीनं तीनचार दिवस, मुलूख परका, बोली परकी, तिथं पंधरा-वीस दिवस पोटात सुया. दरबार गाडीचा पास द्यायचा, तरी लोक कुरकुरायचे. तेव्हा गणपतरावांच्या मनात आलं, की ज्या कुत्र्याच्या मेंदूत कण नाहीत, ते चावलेल्या माणसाला कशाला हेलपाटा? पण कण नाहीत म्हणजे कुत्रं नक्की शहाणं होतं काय? हे कुठल्या पुस्तकात पक्कं लिहिलेलं नव्हतं.

“हे तूच शोधायचं,” गणपतराव म्हणाले. “ज्यांना चावलेल्या कुत्र्याची काच कोरी निघाली आणि जे कुन्नूरला गेले नाहीत, त्या प्रत्येकाच्या घरी जा. माणूस जिवंत आहे का मेला, एवढंच लिहून आण.”

झालं, गैबीला आयुष्याचं काम मिळालं. तीन वर्षं तो चालला. आजरा, गारगोटी, कागल, शाहूवाडी, कुठं बैलगाडी मिळाली तर ठीक, नाहीतर पायांची गाडी होतीच. डोक्याला दवाखान्याचा पटका, काखेत लांब सरकारी वही. दारात उभं राहायचं, चावलेल्याचं नाव घ्यायचं, विचारायचं आणि लिहायचं. त्रेसष्ट घरं झाली. त्रेसष्टांत एकही मेलेला नाही. कुठं माणूस समोर दिसला, कुठं रानात गेलाय म्हणाले, कुठं मामाकडं गेलाय, कुठं मुंबईला गिरणीत. सगळ्या घरांनी प्यायला दूध नाहीतर ताक दिलं. मोठी चांगली माणसं, असं गैबी घरी येऊन नजीराला सांगायचा.

गणपतरावांनी इंग्रजीत लेख लिहिला. मुंबईच्या सभेत वाचला, तो छापूनही आला. आणि हा माणूस असा सरळ, की सगळं श्रेय स्वतःच्या पदरात ओढून घेतलं नाही. पहिल्याच पानावर गैबी मौला मुलाणी हे नाव घातलं, आणि लेख आल्यावर त्याला समोर बसवून ते नाव वाचून दाखवलं. मुलाण्याच्या पोराचं नाव विलायती अक्षरात. मौला म्हातारा झाला होता, त्यानं ते पान उलटं धरून डोळ्यांना लावलं. मग दवाखान्यानं छापील कागद काढून गावोगावच्या चावडीवर लावले. गैबी मुलाणी यांनी तपासलेल्या काचेवर कण न आढळल्यास कुन्नूरला जाण्याचं कारण नाही. लोकांचा जीव भांड्यात पडला. पुढं चार वर्षं हा नियम बिनबोभाट चालला, आणि चार वर्षं गैबी छाती काढून हिंडला. का हिंडू नये? एवढं काम बाकी कुणी केलं होतं?

नजीराच्या धाकट्या भावाच्या लग्नाला दोघं आजऱ्याला गेले. मांडवात मसाला कुटायला शेजारच्या वाडीवरची एक बाई आली होती, बायडाबाई नावाची. गैबी ओसरीवर बसलेला, लुंगी-बंडीवर, उघड्या डोक्यानं. अंगणात कुठलं तरी कुत्रं शिरलं, तशी त्या बाईनं मुसळ टाकून आपली लहान पोरगी कुशीत ओढली. नजीरा म्हणाली, “अगं गरीब हाय ते कुत्रं, आमच्याच दारचं.” त्यावर बायडाबाई म्हणाली, “तुमाला काय सांगू वैनी. माझा थोरला गुंडू असाच गेला की. चावलं तवा काय न्हवतं. काच चांगली हाय म्हणून दवाखान्यानं कागद बी दिलता. दोन म्हयन्यानं पोरगं पाणी बघून कोकलाय लागलं. तिसऱ्या दिशी संपलं.”

ओसरीवर गैबीच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. गुंडू, वय नऊ, आजऱ्याजवळची वाडी. त्याला ती ओळ त्याच्याच अक्षरात दिसत होती, सुखरूप, मामाच्या गावी गेला आहे. तो उठून अंगणात आला आणि म्हणाला, “बाई, मी दवाखान्याचा गैबी मुलाणी. तुमच्या दारात मी आलतो. तुमी मला पोरगं मामाकडं गेलंय म्हणून सांगितलं.”

बाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. पदर सावरून ती उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, “व्हय साहेब. मामाकडंच हाय की गुंडू. बरा हाय.”

आता याला काय म्हणायचं? पाच वर्षं मातीत गेलेलं पोर, आईनं आत्ताच तोंडानं सांगितलेलं, आणि सरकारी माणूस म्हटल्याबरोबर ते पुन्हा मामाकडं. नजीरानं त्या बाईला आत नेलं, पाणी दिलं, आणि बायकांत जे बोलणं होतं ते झाल्यावर बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. पलेगाच्या सालात घरात कोण मेलं कळलं की पटकेवाला वही घेऊन यायचा. नाव लिहायचा. दुसऱ्या दिवशी घराची कौलं उतरायची, चीजवस्तू जाळायची, माणसं रानातल्या छपरात. तेव्हापासून त्या मुलखातल्या लहान पोराला सुद्धा ठाऊक, की पटकेवाला दारात येऊन कोण मेलं विचारायला लागला तर काय सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. “तुमी पटका बांधून, वही घिऊन गेलता,” नजीरा म्हणाली. “तुमाला कोण खरं सांगणार वो?”

यात लबाडी कुणाचीच नव्हती, हीच खरी आग आहे. तो लिहिणारा खरा, त्या सांगणाऱ्या भ्यालेल्या, आणि कागदावर मात्र त्रेसष्टच्या त्रेसष्ट जिवंत.

गैबी पुन्हा चालला. या खेपेला पटका नाही, वही नाही, नजीरा बरोबर. पावणं म्हणून जायचं, ओसरीवर बसायचं, नजीरानं आत चुलीपाशी जायचं. बाप्ये बाहेर पावसापाण्याचं बोलत, आणि आत बायका नजीराच्या गळ्यात पडून रडत. दीड वर्ष लागलं. तीन घरांनी दारच उघडलं नाही. सात घरांत माणूस मेलेला निघाला. त्यात एक बाई पोटुशी होती. हे त्रेसष्टांतलं झालं. नियम लागल्यावर चार-पाच वर्षांत कोऱ्या काचा घेऊन जे घरी गेले, त्यांचा तर हिशोबच नको. रात्री तो अंथरुणावर उठून बसायचा आणि म्हणायचा, “नजीरा, मी बाबागतच सुरी फिरवली की गं. बाबानं निदान बिस्मिल्ला तरी म्हटलं.”

कारणही त्यानं शोधून काढलं, ते सांगायलाच पाहिजे, कारण शोधणाऱ्याचं डोकं त्याही हालात थांबत नसतं. कुत्रं पिसाळलं म्हटलं की गावातली पोरं काठ्या घेऊन घटकाभरात त्याला लोळवत. असलं लवकर मारलेलं कुत्रं रोगानं भरलेलं असतं, पण पेशीत कण अजून धरलेले नसतात. बांधून ठेवलेलं, आपल्या मरणानं मेलेलं कुत्रं असेल तर कण भरपूर. त्यानं जुन्या काचा काढून, एकेकीवर कुत्रं कसं मेलं ते लिहून, हे पडताळून बघितलं. गोष्ट पक्की होती. मोठीही होती. पण ती आधी कळायला पाहिजे होती.

तो सगळं घेऊन गणपतरावांपुढं उभा राहिला. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हा माणूस वाईट नव्हता, पुन्हा सांगतो. पण लेख छापून आला होता, चार ठिकाणी नाव झालं होतं, आणि त्यांच्या म्हणण्यातही काही खोट काढता येत नव्हती.

“गैबी, पहिल्यांदा हे लोक खोटं बोलले म्हणतोस. मग आता खरं बोलतात कशावरून? बायकांचं चुलीपुढचं बोलणं मी छापू?”

“साहेब, पोरं मेल्यात. पुरलेली जागा बघून आलोय मी.”

“कशानं मेली? ताप, देवी, पटकी, कशानंही माणूस मरतं. सांगण्यावर एकदा विश्वास ठेवला आणि तोंडघशी पडलो असं तूच म्हणतोस. आता सांगणं नको. ज्याच्या कुत्र्याची काच कोरी होती असा माणूस या रोगानं मेला, तर त्याचा मेंदू माझ्यापुढं आण. एकच आण. त्यात कण दाखव. त्याच दिवशी चावड्यांवरचे कागद मी माझ्या हातानं फाडतो.”

एकच मेंदू. ऐकायला किती सोपं. पण हिंदूचं असो का मुसलमानाचं, मेलेल्या माणसाचं डोकं उघडू द्यायला कुठलं घर तयार होतं? पुढच्या तीन वर्षांत गैबीनं चार दारांत तोंड उघडलं. एका ठिकाणी त्याला दगड लागले, एका ठिकाणी म्हातारीनं पाय धरले आणि नको म्हणाली, ते दगडापेक्षा वाईट. तोवर काच कोरी निघाली की तो माणसांना हळूच सांगायचा, कागदाकडं बघू नका, कुन्नूरला जावा. एखादा जायचा. बाकीचे हसायचे. गैबी मुलाण्यानं बघितलेलं चुकत नाही, असं खुद्द गैबी मुलाण्यालाच ऐकवायचे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा त्याचं स्वतःचं नाव होतं.

आणि मग वडगावचा आकाराम आला. आकाराम म्हणजे गैबीचा लहानपणापासूनचा जोडीदार. एका तालमीत लोळलेले, एका विहिरीत पोहलेले. पोत्यात कुत्र्याचं डोकं घालून तो स्वतःच हसत हसत दवाखान्यात आला, पिंढरीला फडकं बांधलेलं. “बघ रं गैब्या, ह्या बेण्याच्या डोक्यात काय हाय. पोरांनी जाग्यावर ठेवलं त्याला.”

गैबीनं त्या दिवशी आठ काचा केल्या. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत दुर्बिणीचा डोळा सोडला नाही. निळ्या पेशी होत्या, धागे होते, लाल असं काही नव्हतं. बाहेर येऊन तो म्हणाला, “आकाराम, काच कोरी हाय. तरी तू उद्याच्या गाडीनं कुन्नूरला जा. पास मी आणतो.”

“कोरी हाय न्हवं? मग झालं की.”

“ऐक माझं. जा.”

“लेकीचं लगीन हाय बारा दिसांवर. मांडव सोडून मी मद्राशांच्या मुलखात सुया टोचून घिऊ? आणि चावडीवर कागद कुणाच्या नावाचा हाय? माझ्या दोस्ताच्या नावाचा हाय. मी सगळ्यास्नी सांगत असतोय, ह्यो माझा दोस्त हाय म्हणून.”

गैबीनं त्याला सात घरं सांगितली, गुंडूचं सांगितलं, डॉक्टर एक मेंदू मागतात तेही सांगितलं, पाया पडला. आकारामनं त्याला उठवून छातीशी धरलं, “लई काळजी करतोस लेका,” म्हणाला आणि लग्नाचं आवतण देऊन गेला. गैबी लग्नाला गेला. जेवला. सगळा वेळ तो आकारामच्या गळ्याकडं बघत होता.

सातव्या आठवड्यात सांगावा आला. गैबी पोचला तेव्हा आकारामला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, वारं लागलं तरी गळा आवळत होता म्हणून दाराला घोंगडं लावलेलं. मधेच झटका यायचा, चौघं धरायचे. आणि झटका गेला की माणूस एकदम शुद्धीवर, पूर्वीचाच आकाराम, एवढा की ऐकणाऱ्याला बरं वाटायला लागावं. या रोगाची हीच हरामखोरी आहे, तो माणसाला सगळं कळू देतो. अशाच एका घटकेला त्यानं आपल्या आईला, धोंडुबाईला जवळ बोलावलं. म्हातारीसमोर गैबीचा हात धरला.

“गैब्या, तुझ्या डॉक्टरला एक डोकं पायजे म्हणालतास न्हवं.”

गैबीनं मान हलवली.

“माझं घे. तूच उघड, दुसऱ्याला हात लावू दिऊ नगंस. आये, ह्याला आडवू नगंस. माझ्या मागनं कुणी कागदावर इसंबून मरायला नगं.”

धोंडुबाईच्या डोळ्यांतलं पाणी कधीच आटलेलं होतं. ती म्हणाली, “तुझा शबुद मोडणार न्हाय, बाळा.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना आकाराम गेला. भावकी जमली. एवढ्या मोठ्या भावकीला खरं कळतं तर गैबीच्या हाडांचा चुरा झाला असता. म्हातारीनं सगळ्यांना सांगितलं, हा रोग वाईट, आंघोळ घालायच्या आधी दवाखान्याचा माणूस औषध शिंपडणार, कुणी आत यायचं नाही. मग ती स्वतः उंबऱ्यावर बसली, दाराला पाठ लावून. पोटचा पोरगा आत, आणि ही त्याच्या डोक्याची राखण करत बसली. अशी बाई मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

आत गैबीनं पिशवी उघडली. सुरी, लहान करवत, औषधात अर्धी भरलेली बरणी. किती वेळ लागणार होता? कवटी कुठं नरम, कुठं जाड, हे त्याच्या बोटांना अंधारात कळत होतं. बकऱ्याच्या मुंडक्यापासून धरलं तर पंचवीस वर्षं त्यानं दुसरं केलं काय होतं? एवढा एक तुकडा, नखाएवढा. तो काढला की चावड्यांवरचे कागद फाटणार, पुढची माणसं गाडीत बसणार. हे सगळं त्याला ठाऊक होतं. त्यानं आकारामचे केस मागं सारले. कपाळ अजून ऊन होतं. भुवईवर जुना व्रण होता, लहानपणी भांडणात गैबीनंच मारलेल्या दगडाचा. त्यानं सुरी टेकवली. हात पुढं सरकेना. पुन्हा टेकवली. स्वतःला शिव्या घातल्या, बायडाबाईच्या गुंडूची आठवण काढली, त्या पोटुशीची काढली. हे नाही केलंस तर आणखी माणसं तुझ्या नावावर जातील, असं स्वतःला बजावलं. सगळं खरं होतं, आणि हात लाकूड झाला होता. त्याला आकारामचा राग आला, डॉक्टरांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला, आणि मग त्याला नुसतं रडू आलं. त्यानं आपल्या पटक्याच्या चिंधीनं आकारामचं डोकं कपाळापासून मानेपर्यंत घट्ट बांधलं. कुणाला काही दिसू नये म्हणून नव्हे. काही केलेलं नाही हे दिसू नये म्हणून.

तो बाहेर आला तेव्हा धोंडुबाईनं मान वर केली. “काढलंस?”

“काढलं.”

तिनं पिशवीवर हात ठेवला. बरणी आत हलली. “जपून ने,” म्हणाली. “आता मागनं कुणी मरायचं न्हाय न्हवं?”

“न्हाय, मावशी.”

कोल्हापुरात गणपतरावांनी विचारलं, “मिळालं काय?” आणि गैबी म्हणाला, “घरच्यांनी दिलं न्हाय.” म्हातारीनं जे दिलं ते जगात कुणी दिलं नसतं, आणि यानं तिच्यावरच ढकललं. डॉक्टरांनी मान हलवली, वहीत एक ओळ लिहिली आणि पुढच्या कामाला लागले. त्यानंतर दुसरं डोकं कधी मिळालं नाही. गैबीनंही पुन्हा मागितलं नाही. काचा मात्र तोच करत राहिला, कारण त्याच्याइतक्या चांगल्या काचा कुणाला जमत नव्हत्या. नजीराला त्यानं सगळं सांगितलं होतं. त्या दिवसापासून तिनं त्याच्याबरोबर गावोगाव जाणं सोडलं.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात, धोंडुबाई दवाखान्याच्या आवारात येऊन बसली. वडगावच्या एका गाडीतून आली होती, पदरात भुईमुगाच्या शेंगा. गैबी तिच्यापाशी उकिडवा बसला. तिनं त्याच्या ओंजळीत शेंगा घातल्या आणि विचारलं, “झालं का रं त्ये काम? फाडलं कागद?”

“फाडलं,” गैबी म्हणाला.

“आमच्या चावडीवर अजून हाय की.”

“जुना हाय त्यो. काढायला कोण गेलं नसंल.”

तेवढ्यात आतून एक माणूस बाहेर आला. हाताला फडकं बांधलेलं, मागं बायको, तिच्या कडेवर पोर. सकाळी कुत्र्याचं डोकं घेऊन आला होता. काच गैबीनंच बघितली होती, कोरी. त्यानं त्या माणसाला कोपऱ्यात घेऊन कुन्नूरला जा म्हणून सांगितलं होतं, आणि त्या माणसानं साहेबांची सही दाखवून नमस्कार केला होता. आता तो मोकळ्या चेहऱ्यानं दोघांच्या समोरून चालला.

“ह्यो बी चावलेला काय?” धोंडुबाईनं विचारलं.

“व्हय.”

“चालला न्हवं त्या कुन्नूरला?”

“चालला.”

म्हातारी काठी टेकून उठली. त्या बाईच्या कडेवरच्या पोराच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, आणि गैबीकडं वळून म्हणाली, “माझ्या आकारामामुळं वाचला बघ ह्येचा बाप.”

“व्हय मावशी,” गैबी म्हणाला. ती माणसं फाटकातून बाहेर पडली, आणि स्टेशनाकडं न वळता गंगावेशीकडनं आपल्या गावाच्या वाटेला लागली.